माप, आकडे आणि पहिली अडीच सेकंदे

९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये झालेल्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सचा ४०–२२ असा पराभव केला. अमेरिकी फुटबॉलच्या त्या अंतिम सामन्यात चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, पॅट्रिक महोम्स चेंडू हातात असतानाच सहा वेळा जमिनीवर लोळवला गेला. या खेळात अशा पाडावाला सॅक म्हणतात. ईगल्सने त्यासाठी मागच्या फळीतून जादा माणसे पुढे धाडलीच नाहीत. जे केले ते पुढच्या चौघांनीच केले. त्या सहा सॅक कुणाच्या, हे पाहण्यासारखे आहे. अडीच जॉश स्वेटच्या, तो २०१८ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत निवडलेला. दोन मिल्टन विल्यम्सच्या, तो लुइझियाना टेक या मधल्या दर्जाच्या संघातून आलेला, तिसऱ्या फेरीतला. अर्धी (दोघांनी मिळून पाडले तर श्रेय अर्धे-अर्धे होते) जेलिक्स हंटची. ह्यूस्टन ख्रिश्चन या छोट्या कॉलेजातला हा खेळाडूही तिसऱ्याच फेरीतला. एक मात्र २०२२ च्या पहिल्या फेरीतल्या जॉर्डन डेव्हिसची. आणि २०२३ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेला, दोन-दोन अडवणाऱ्यांना स्वतःकडे ओढून घेणारा जेलन कार्टर सॅकच्या यादीत नव्हताच. कॉलेजातल्या बचावफळीतल्या लाइनमनची पारख करणाऱ्यांसमोरचा सगळा पेच या एका यादीत सामावला आहे. कोण किती मोठा होईल हे आधी कसे ओळखायचे, आणि ओळखता येते तरी किती?

ड्राफ्टची रीत थोडक्यात अशी. व्यावसायिक लीगमधले ३२ संघ दर एप्रिलमध्ये सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात. मागच्या मोसमात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याची पाळी पहिली. शाळा सुटल्यावर किमान तीन वर्षे गेल्याशिवाय खेळाडूला ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. निवडलेल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो, आणि पहिल्या फेरीतल्यांच्या बाबतीत पाचव्या वर्षाचा हक्क संघाकडे राहतो. २०११ च्या करारनाम्यापासून नव्या खेळाडूंचे पगार निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेले असतात. म्हणून चांगला खेळाडू नेमका हेरणे म्हणजे चार वर्षे स्वस्तात मिळालेले बळ, आणि चुकीची निवड म्हणजे तितकीच वर्षे अडकलेली जागा. बचावाच्या पहिल्या फळीत मधोमध टॅकल उभे राहतात. त्यांच्यातला सर्वांत जाडजूड, चेंडूच्या अगदी समोर उभा राहणारा तो नोज टॅकल. टोकांवर एंड किंवा एज रशर असतात. कामे दोनच: धावत येणाऱ्याची वाट बुजवणे आणि क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणे. पण ही दोन कामे वेगवेगळ्या शरीरांकडून आणि वेगवेगळ्या पद्धतींनी करवून घेतली जातात. पारखीची गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

या पारखीसाठी संघांकडे तीन प्रकारचे पुरावे येतात. पहिला, कॉलेजातले आकडे: सॅक, टॅकल (इथे अर्थ चेंडूवाल्याला पाडणे), दबाव (क्वार्टरबॅकला घाईला आणणे). दुसरा, शरीराची मापे आणि चाचण्या. तिसरा, सामन्यांच्या चित्रफिती, ज्यांना या व्यवसायात सरसकट टेप म्हणतात. या तिघांपैकी श्रेष्ठ कोण, असा वाद दर वसंतात रंगतो. माझ्या मते तो वादच चुकीच्या पायावर उभा आहे. आकडे काय घडले ते सांगतात, माप काय शक्य आहे ते सांगते आणि टेप ते कसे घडले ते सांगते. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. लाइनमनच्या निवडीतल्या मोठ्या चुका तपासल्या तर बहुतेक वेळा एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलेले आढळते. शिवाय या तिघांत एक क्रम आहे: मापाने दार उघडावे, आकड्यांनी शंका उपस्थित करावी आणि निकाल टेपने द्यावा. त्यातही स्नॅपनंतरच्या, म्हणजे चेंडू हलून डाव सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीच सेकंदांत खेळाडू पुन्हा पुन्हा जिंकतो कसा, यालाच सर्वाधिक वजन मिळावे.

आधी आकड्यांकडे वळू. सॅक ही या खेळातली सर्वांत ठळक नोंद, पण ती दुर्मीळ घटना आहे. कॉलेजच्या नियमित मोसमात सामने बारा. त्यांत एखादा एज रशर काही शे वेळा क्वार्टरबॅकवर चालून जातो आणि उत्तम मोसमात त्यांतून बारा-पंधरा सॅक हाती लागतात. इतक्या थोड्या घटनांवर प्रतिस्पर्ध्याचा दुबळेपणा, क्वार्टरबॅकचा गोंधळ आणि शेजाऱ्याने लावलेला जोर यांचा दाट रंग चढतो. २००२ मध्ये ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्सने २४ सॅक करून कॉलेजचा विक्रम केला, आणि व्यावसायिक कारकिर्दीत १३९ सॅक करून तो आकडा खरा ठरवला. पण २००७ मध्ये ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनने १४ सॅक केल्या, न्यू यॉर्क जेट्सने त्याला २००८ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतले, आणि तीन मोसमांत त्याच्या नावावर एकही सॅक लागली नाही. आकडा दोघांचाही मोठा होता. तो कशातून आला हे मात्र आकड्यात लिहिलेले नव्हते.

याहून बोलके उदाहरण क्लेमसनच्या २०१८ च्या फळीचे आहे. राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या एकाच फळीतले तिघे २०१९ च्या पहिल्या फेरीत गेले: क्लेलिन फेरेल चौथा, ख्रिश्चन विल्किन्स तेरावा, डेक्स्टर लॉरेन्स सतरावा. ११.५ सॅकवाला फेरेल सर्वांत आधी निवडला गेला आणि पुढे व्यावसायिक मोसमात ४.५ सॅकच्या वर कधी गेला नाही. सॅकच्या यादीत मागे असलेला, दीडशे किलोंच्या घरातला लॉरेन्स मात्र न्यू यॉर्क जायंट्सकडून खेळताना लीगमधल्या सर्वोत्तम नोज टॅकलांत गणला गेला. असे का व्हावे? मधले दोघे जेव्हा अडवणाऱ्यांची पाच जणांची भिंत खचवतात, तेव्हा क्वार्टरबॅक टोकाकडे सरकतो आणि टोकावरच्या खेळाडूच्या हाती आयता येतो. सॅकची नोंद शेवटचा हात लावणाऱ्याच्या नावे होते, भिंत खचवणाऱ्याच्या नावे नाही. फेरेल कष्टाळू आणि शिस्तीचा खेळाडू होता, यात वाद नाही. पण त्याचे आकडे वाचताना शेजारी कोण उभे होते हा प्रश्न पुरेशा कठोरपणे विचारला गेला नाही, असेच म्हणावे लागते.

म्हणून आकडे टाकून द्यायचे का? नाही, अधिक चांगले आकडे निवडायचे. सॅकपेक्षा दबाव जास्त वेळा घडतो, त्यामुळे त्याची नोंद अधिक स्थिर असते. आक्रमकाला सुरुवातीच्या रेषेमागेच पाडण्याची नोंदही मोलाची, कारण तिच्यात धाव रोखणे आणि क्वार्टरबॅकला गाठणे ही दोन्ही कामे येतात. २०१३ मध्ये पिट्सबर्गच्या ॲरन डोनल्डच्या नावावर ११ सॅक होत्या, पण रेषेमागचे पाडाव होते २८.५. टॅकलच्या जागेवर, बहुतेक वेळा दोघांच्या कोंडीत खेळणाऱ्याचा हा आकडा अपवादात्मक होता. उलट बाजूने एलएसयूचा, म्हणजे लुइझियाना स्टेटचा डॅनियल हंटर पाहा. २०१४ च्या मोसमात त्याच्या सॅक अवघ्या दीड, पण रेषेमागचे पाडाव १३. सॅकच पाहणाऱ्यांना तो कच्चा वाटला आणि तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला. मिनेसोटा व्हायकिंग्सने त्याला ८८ व्या क्रमांकावर घेतले. २०१८ आणि २०१९ या दोन्ही मोसमांत त्याने १४.५ सॅक केल्या. अलीकडे आणखी एक मोजणी रूढ झाली आहे: चालून गेलेल्या किती वेळांपैकी किती वेळा खेळाडूने समोरच्याला ठरावीक वेळेत मात दिली. व्यावसायिक लीगसाठी ईएसपीएन या क्रीडावाहिनीने ही वेळ अडीच सेकंद धरली आहे. आधुनिक क्वार्टरबॅक साधारण त्याच सुमारास चेंडू सोडतो, त्यामुळे ही मर्यादा खेळाच्या वास्तवाला धरून आहे. कॉलेजात तर चेंडू पुष्कळदा त्याहूनही आधी सुटतो. तिथे रशर जिंकूनही सॅकपर्यंत पोहोचत नाही आणि सॅकचा तक्ता त्याच्यावर अन्याय करतो.

आता शरीराकडे. खेळाडूंची एकत्रित तपासणी १९८२ मध्ये टॅम्पात सुरू झाली. तिचा मूळ हेतू वैद्यकीय होता: प्रत्येक संघाने प्रत्येकाला वेगळे बोलावण्याऐवजी डॉक्टरांनी सगळ्यांना एका जागी पाहावे. १९८७ पासून ती इंडियानापोलिसला भरते आणि कम्बाइन या नावाने तिचा मोठा सोहळा झाला आहे. ४० यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव, २२५ पौंडांचा म्हणजे १०२ किलोंचा बार छातीवरून किती वेळा उचलता येतो ते, उभी उडी, लांब उडी, तीन शंकूंभोवतीची वळणाची धाव, हाताची लांबी. लाइनमन सामन्यात ४० यार्ड सरळ क्वचितच धावतो, म्हणून या शर्यतीची टिंगल होते. पण तिच्या पहिल्या दहा यार्डांची वेगळी वेळ घेतली जाते आणि स्फोटक सुरुवातीचा अंदाज देणारी ती वेळ कामाची आहे. तीन शंकूंची धाव टोकावरच्या रशरला आणखी जवळची, कारण समोरच्या आक्रमक फळीतल्या टॅकलच्या खांद्याला वळसा घालून आत शिरताना शरीर जसे तिरके झुकवावे लागते, तसेच तिथेही झुकवावे लागते. म्हणजे चाचण्या निरर्थक नाहीत. कोणत्या कामासाठी कोणती चाचणी, हा विवेक मात्र लागतो. कम्बाइनचा पुढच्या कामगिरीशी संबंध नाही, हे सांगण्यासाठी २००८ चा कुझमिट्स आणि ॲडम्स यांचा अभ्यास वारंवार दाखवला जातो. तो क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि रिसीव्हर यांच्यापुरता होता. लाइनमनविषयी त्यातून निष्कर्ष काढणे म्हणजे अभ्यासाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे.

चाचणीवीर म्हणून माइक मामुलाचे नाव घेण्याचा प्रघात आहे. बॉस्टन कॉलेजच्या या खेळाडूने १९९५ मध्ये कम्बाइनच्या चाचण्यांचाच खास सराव केला, त्याचे निकाल थक्क करणारे आले, आणि ईगल्स त्याच्यासाठी बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर सरकले. तो बारावा क्रमांक टॅम्पा बे बकनीअर्सकडे गेला आणि त्यांनी तिथे मायामीचा वॉरन सॅप घेतला. ड्राफ्टच्या तोंडावर अमली पदार्थांच्या चाचणीविषयी बातम्या आल्याने सॅप खाली घसरला होता. पुढे त्याने ९६.५ सॅक केल्या आणि २०१३ मध्ये तो या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, हॉल ऑफ फेममध्ये गेला. मामुलाच्या सॅक ३१.५. ही गोष्ट मापांविरुद्धचा पुरावा म्हणून सांगितली जाते, पण तिचा अर्थ तेवढा सरळ नाही. मामुला टाकाऊ खेळाडू नव्हता. इतक्या सॅक टाकाऊ खेळाडू करत नाही. चूक झाली ती क्रम लावण्यात. शरीर व्यावसायिक पातळीचे आहे, एवढेच चाचणीने सिद्ध केले होते. त्यावरून तो इतरांच्या किती पुढे आहे हे ठरवले गेले, आणि ते चाचणीला सांगता येत नाही.

मापाला दार म्हणावे, क्रमवारी म्हणू नये, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २०१३ च्या ड्राफ्टमध्ये आहे. त्या वर्षी पहिल्या सहा निवडींत टोकावरचे तीन रशर गेले: तिसऱ्या क्रमांकावर ओरेगनचा डिऑन जॉर्डन, पाचव्यावर ब्रिगहॅम यंगचा झिगी आन्सा, सहाव्यावर एलएसयूचा बार्केव्हियस मिंगो. तिघेही लांब, वेगवान, लवचीक. तिघांच्याही कॉलेजातल्या शेवटच्या मोसमातल्या सॅक पाच किंवा त्याहून कमी. घानातून आलेल्या आन्साने तर २०१० मध्येच हा खेळ पहिल्यांदा हाती घेतला होता. पुढे आन्साने डेट्रॉइट लायन्सकडून २०१५ च्या मोसमात १४.५ सॅक केल्या. जॉर्डनने मायामीच्या व्यावसायिक संघाकडून पहिल्या दोन मोसमांत मिळून तीन केल्या, आणि त्याच्यावर निलंबनेही आली. मिंगो बहुतांशी राखीव खेळाडू राहिला. दार तिघांनाही सारखेच उघडे होते. आत गेल्यावर कोण टिकेल, हे त्या दारावर लिहिलेले नव्हते.

दाराची उंची किती असावी, हाही प्रश्न आहे. उंची आणि हाताची लांबी यांच्या ठरावीक मर्यादांखाली आलेल्या खेळाडूला अनेक संघ यादीतून काढून टाकतात किंवा मागे ढकलतात. यामागे तर्क आहे: लांब हाताचा लाइनमन समोरच्याच्या छातीवर आधी हात ठेवतो आणि पकड त्याची होते. पण ही मर्यादा डोळे मिटून लावली की काय होते, याची यादी लांबलचक आहे. सहा फूट एक इंचाचा ड्वाइट फ्रीनी २००२ मध्ये ठेंगणा ठरवला गेला. तो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. लुईव्हिलकडून एका मोसमात २० सॅक करूनही पाच फूट अकरा इंचांचा एल्व्हिस ड्युमरव्हिल २००६ मध्ये चौथ्या फेरीत गेला आणि कारकिर्दीत १०५.५ सॅक करून निवृत्त झाला. १९९० मध्ये जॉन रँडलला तर कुणी निवडलेच नाही. त्याच्या सॅक १३७.५ आणि तोही हॉल ऑफ फेममध्ये. तालमीतला वस्ताद पोराची उंची पाहतो, पण त्याआधी तो खाली किती बसतो आणि समोरच्याचा तोल कुठे पकडतो ते पाहतो. लाइनवरची झुंजही तोलाचीच आहे. खालून वर जाणारा जोर वरून खाली येणाऱ्या वजनाला उचलतो, आणि ठेंगण्या खेळाडूला ती पातळी उपजत मिळालेली असते. डोनल्ड हा याचा कळस. सहा फूट एक इंच, २८५ पौंड. टॅकलच्या मानाने लहान. पण ४० यार्ड ४.६८ सेकंदांत, आणि तो बार ३५ वेळा. २०१४ मध्ये तो तेराव्या क्रमांकावर गेला, दहा मोसम खेळला, दहाही वेळा लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या प्रो बोलसाठी निवडला गेला, तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि १११ सॅक करून निवृत्त झाला. त्याचे माप कमी नव्हतेच. संघ चुकीचे माप बघत होते.

मग टेपमध्ये काय पाहायचे? पहिली गोष्ट, चेंडू हलल्यावर पाय किती लवकर हलतो, आणि तो वेग सामन्याच्या चौथ्या पर्वातही टिकतो का. दुसरी, हात. कच्चा लाइनमन छातीने भिडतो. पक्का खेळाडू समोरच्याचा हात झटकतो, त्याखालून खांदा काढतो किंवा त्याच्यावरून हात फिरवून निसटतो. तिसरी, योजना. पहिला डाव अडला की दुसरा तयार असतो का? कॉलेजात निव्वळ वेगावर निभावते, कारण समोरचा टॅकल अनेकदा पुढे कधी व्यावसायिक होणार नसतो. व्यावसायिक लीगमध्ये वेग सगळ्यांकडे असतो, तिथे दुसरा डावच सॅक देतो. चौथी, दोघांनी मिळून ढकलले तर तो जागा सोडतो का. नोज टॅकलच्या बाबतीत हाच मुख्य प्रश्न, कारण त्याच्या कष्टाचे श्रेय मागच्या फळीत उभ्या असलेल्या लाइनबॅकरच्या टॅकलमध्ये जमा होते. पाचवी, प्रतिस्पर्धी कोण होता. दहा दुबळ्या संघांविरुद्धच्या नऊ सॅकपेक्षा पुढे पहिल्या फेरीत जाणाऱ्या टॅकलविरुद्धचे चाळीस डाव अधिक सांगतात. म्हणूनच अलाबामातल्या मोबील इथे भरणाऱ्या सीनियर बोलच्या सरावांना मोल आहे. तिथे एकास एक झुंजी होतात आणि निवडक खेळाडू समोर असतात. २०१४ मध्ये डोनल्डची किंमत तिथेच वाढली. मॅक्स क्रॉस्बीसारखा ईस्टर्न मिशिगनमधला खेळाडू याच नजरेने वाचावा लागतो. प्रतिस्पर्धी मध्यम, आकडे चांगले, वळणाची धाव उत्तम. पण त्याच्या टेपमधले खरे भांडवल होते एकाच डावात तीन-तीनदा केलेला प्रयत्न. रेडर्सने २०१९ मध्ये फेरेलला चौथ्या क्रमांकावर घेतले आणि त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १०६ व्या क्रमांकावर क्रॉस्बीला. पहिल्याच मोसमात क्रॉस्बीने १० सॅक केल्या. एकाच संघाने, एकाच वर्षी, एकाच जागेसाठी केलेल्या या दोन निवडी लाइनमनच्या पारखीवरचा सर्वांत छोटा आणि सर्वांत संपूर्ण धडा आहेत.

टेप वाचताना भूमिकेचे भान सुटले तर तीही फसवते. एलएसयूचा ग्लेन डॉर्सी रेषा भेदून आत घुसणारा टॅकल होता. २००८ मध्ये चीफ्सने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतले आणि पुढच्याच वर्षी बचावाची रचना बदलून त्याला जागा अडवून धरण्याच्या कामाला लावले. गोल्स्टनलाही जेट्सने टोकावर हात टेकून उभे राहण्याऐवजी मागून येणारा लाइनबॅकर केले. त्याच्या अपयशाचे सगळे कारण हे नव्हे, पण कारण आहेच. उलट २०११ मध्ये ह्यूस्टनने अकराव्या क्रमांकावर घेतलेल्या जे. जे. वॉटला वेड फिलिप्स या प्रशिक्षकाने तीन लाइनमनच्या रचनेत असूनही आत घुसण्याची मोकळीक दिली. एरवी खांब म्हणून वापरल्या जाणाऱ्या त्या जागेवरून वॉटने दोन मोसमांत प्रत्येकी २०.५ सॅक केल्या. २०२२ चा वादही याच अंगाने पाहावा. मिशिगनच्या एडन हचिन्सनच्या १४ सॅक, जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरच्या सहा. वॉकरचे हात साडेपस्तीस इंच, ४० यार्ड ४.५१ सेकंदांत, हचिन्सनचे हात बत्तीस इंचांच्या थोडे वर. जॅक्सनव्हिलने वॉकरला पहिला घेतले, डेट्रॉइटने हचिन्सनला दुसरा. पहिल्या मोसमात सॅक ३.५ विरुद्ध ९.५. पण वॉकरला जॉर्जियात मुख्यतः जागा राखण्याचे काम होते. त्याचे बचावातले चार सहकारी त्याच वर्षी पहिल्या फेरीत गेले. पुढच्या दोन मोसमांत त्याने १० आणि १०.५ सॅक करून दाखवल्या. म्हणजे जॅक्सनव्हिलचा अंदाज निराधार नव्हता. फक्त त्यांनी संयमाची किंमत मोजली, आणि डेट्रॉइटला तयार खेळाडू मिळाला. शिवाय वळणाच्या धावेत हचिन्सनच वॉकरपेक्षा वेगवान होता, ६.७३ सेकंद. कामाचे माप निवडले असते तर मापानेही त्याच्याच बाजूने कौल दिला असता.

वय आणि प्रकृती यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो. हंटर निवडला गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याचे शरीर आणि कौशल्य दोन्ही घडायचे होते. करोनामुळे मिळालेले जादा वर्ष, संघ बदलण्याची सोय आणि २०२१ पासून कॉलेजातच मिळू लागलेले उत्पन्न यांमुळे आज तेवीस-चोवीस वर्षांचे लाइनमन मोठ्या संख्येने येतात. चोविसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या मुलांना ढकलून मिळवलेले आकडे आणि विसाव्या वर्षी मिळवलेले आकडे यांना एकच भाव देणे चूक आहे. प्रकृतीबाबत तर अंदाज सर्वांत हतबल ठरतात. २००० मध्ये पहिला निवडलेला कोर्टनी ब्राउन दुखापतींनी झिजला आणि १९ सॅकवर थांबला. २०१४ मध्ये पहिला निवडलेला जॅडेव्हियन क्लाउनी पहिल्याच मोसमात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सामोरा गेला. लांब कारकिर्दीतही त्याला एका मोसमात दहा सॅक गाठता आल्या नाहीत. पण भीतीही आंधळी असते. शाळेत असताना गुडघ्याची भीषण दुखापत झालेला स्वेट त्यामुळेच चौथ्या फेरीपर्यंत उरला, आणि त्याने सुपर बोल गाजवला.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा की ही सगळी मागाहून सुचलेली शहाणीव आहे: निकाल ठाऊक असताना उदाहरणे वेचली की कोणताही सिद्धांत खरा दिसतो. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच इथे मुख्य भर एकेकट्या गोष्टींऐवजी तुलनांवर दिला आहे: एकाच फळीतले तिघे, एकाच संघाच्या एकाच वर्षीच्या दोन निवडी, एकाच ड्राफ्टमधले तीन सारख्या मापाचे रशर. अशा तुलनेत बाकीच्या बऱ्याच गोष्टी समान राहतात. हेही मान्य केले पाहिजे की पहिल्या फेरीतले लाइनमन सरासरीने नंतरच्या फेऱ्यांतल्यांपेक्षा चांगलेच ठरतात. रँडल आणि क्रॉस्बी हे अपवाद म्हणूनच लक्षात राहतात. पारख निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. ती जिथे सुधारू शकते ती जागा दाखवणे, एवढाच हेतू आहे.

दुसरा आक्षेप टेपवर आहे: ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते, दोन स्काउट एकच डाव पाहून दोन मते देतात. खरे आहे. पण उपाय टेप सोडण्यात नाही, टेप शिस्तीने वाचण्यात आहे. प्रत्येक डावाला तेच ठरावीक प्रश्न विचारायचे, सॅक झालेले डाव आणि न झालेले डाव सारख्याच काळजीने पाहायचे, खेळाडूचे नाव आणि कॉलेजचा मान बाजूला ठेवायचा, आणि दोघांनी एकमेकांचे मत न ऐकता आधी लिहून काढायचे. असे केले की टेपही मोजता येते. जिंकलेल्या डावांचे प्रमाण हे शेवटी टेपमधूनच काढलेले असते. म्हणजे डोळा आणि आकडा एकमेकांचे शत्रू नाहीत. चांगला आकडा हा शिस्त लावलेला डोळाच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी ड्राफ्टचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के असते, आणि सर्वांत वरच्या निवडींसाठी संघ गरजेपेक्षा फार जास्त मोजतात. हे सगळ्याच जागांविषयी आहे, आणि लाइनमन त्याला अपवाद असावेत असे मानायला कारण नाही. मग इतकी बारीक पारख कशाला? उत्तर असे की शेजारच्या दोन क्रमांकांतला फरक ओळखता येत नाही, यावरून पन्नास क्रमांकांचा फरक ओळखता येत नाही असे होत नाही. या अभ्यासाचा खरा धडा नम्रतेचा आहे: आपल्या यादीतला तिसरा आणि सहावा यांत फरक असल्याची खात्री बाळगून वर सरकण्यासाठी निवडी उधळू नयेत, उलट जास्त निवडी हाती ठेवाव्यात. बचावाच्या लाइनला हे विशेष लागू आहे, कारण ती आठ-नऊ जणांच्या आलटून-पालटून वापरातून चालते. तिथे एक अचूक निवड हवी असतेच, पण चार बऱ्या निवडी तिच्याइतक्याच लागतात. सुपर बोलमधली ईगल्सची फळी अशीच घडली होती: काही पहिल्या फेरीतले, आणि त्यांच्या जोडीला तिसऱ्या-चौथ्या फेरीतून वेचलेले.

या सगळ्याचा निष्कर्ष असा. लाइनमन निवडताना पहिला प्रश्न शरीराचा असावा आणि तो हो-नाहीपुरताच असावा. दुसरा प्रश्न आकड्यांना: मोठा आकडा असेल तर तो कुणाच्या शेजारी उभे राहून आला, आणि छोटा असेल तर त्याला काम काय दिले होते. तिसरा आणि निर्णायक प्रश्न टेपला: पहिल्या अडीच सेकंदांत तो पुन्हा पुन्हा कसा जिंकतो, आणि आपला संघ त्याला तेच करू देणार आहे का. त्यानंतर वय आणि प्रकृतीची वजावट, आणि शेवटी आपण चुकू शकतो हे मान्य करून जास्तीत जास्त निवडी हातात राखणे. पुढच्या एप्रिलमध्ये कुणा लाइनमनचे नाव पुकारले गेले आणि पाठोपाठ त्याच्या सॅकचा आकडा व ४० यार्डांची वेळ सांगितली गेली, तर वाचकाने तेवढ्यावर मत बनवू नये. त्याचे हरलेले आणि जिंकलेले वीस डाव पाहावेत; खेळाडूची खरी किंमत तिथे कळते.